खोडरबराने काँटॅक्ट घासू नका

टेलिकन्व्हर्टर (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसून दूरचं मोठं दाखवणारं जोडभिंग) लावल्यावर कॅमेऱ्याला लेन्स ओळखता आली नाही की सल्ला ठरलेला: खोडरबराने काँटॅक्ट, म्हणजे कॅमेरा आणि लेन्समध्ये विजेचे संकेत नेणारे धातूचे ठिपके, घासा. कधीकधी जमूनही जातं, म्हणून तर हा समज इतका टिकलाय! पण बहुतेक काँटॅक्टवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो. खोडरबर तो झिजवतो, शिवाय चुरा माउंटमध्ये (लेन्स बसते त्या कडीत) पडतो तो वेगळाच. त्यापेक्षा कॅमेरा बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलं केलेलं, धागे न सोडणारं कापड फिरवा. कन्व्हर्टरमुळे जोड दोन होतात, तेव्हा चारही बाजू पुसा. आणि हो, एफ/४ लेन्सला २एक्स कन्व्हर्टर लावला की अ‍ॅपर्चर एफ/८ होतं, म्हणजे आत येणारा प्रकाश कमी होतो. एफ/५.६ पर्यंतच ऑटोफोकस करणाऱ्या जुन्या डीएसएलआरवर मग फोकस बंद पडतो. तिथे कितीही पुसलं तरी फरक पडणार नाही.