दोषी नेमका कधीपासून? लोकप्रतिनिधींच्या अपात्रतेची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत आलेल्या १३०व्या घटनादुरुस्ती विधेयकाने एक जुनी रेघ ओलांडायचे ठरवले. पाच वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात मंत्री सलग ३० दिवस कोठडीत राहिला, तर ३१व्या दिवशी त्याचे पद जाईल. पंतप्रधान आणि मुख्यमंत्रीही यातून सुटत नाहीत. आरोप सिद्ध होणे सोडाच, ते निश्चित झालेले असण्याचीही अट नाही. विधेयक संयुक्त समितीकडे गेले. याआधीचे सगळे भांडण दोषसिद्धीभोवती फिरत होते, आणि तेही ती कधी झाली असे मानायचे यावर.

मूळ तरतूद १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ मधली. काही ठरावीक गुन्ह्यांत दोषी ठरणेच पुरेसे. बाकी गुन्ह्यांत किमान दोन वर्षांची शिक्षा लागते, आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षे निवडणूक लढवता येत नाही. गंमत म्हणजे त्या ठरावीक यादीत खून नाही. खुनाची शिक्षा दोन वर्षांच्या खाली येतच नसल्याने तो दुसऱ्या दाराने आपोआप आत येतो.

मनगटशाहीचा इतिहास इथे थोडक्यातच. सत्तर-ऐंशीच्या दशकांत दुसऱ्यासाठी मतदान केंद्रे बळकावणारे पुढे स्वतःच उमेदवार झाले. १९८९ मध्ये केंद्र बळकावणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. मुंबईतल्या १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर नेमलेल्या एका सरकारी समितीने गुन्हेगार, नोकरशहा आणि राजकारणी यांचे साटेलोटे त्याच वर्षी कागदावर मांडले. तो अहवाल संसदेपुढे यायला ऑगस्ट १९९५ उजाडला, आणि त्याची जोडपत्रे तेव्हाही बाहेर आली नाहीत.

खरा गुंता कलम ८च्या चौथ्या पोटकलमात होता. साधा उमेदवार दोषी ठरला की तत्क्षणी अपात्र. पण विद्यमान आमदार-खासदाराला तीन महिन्यांची मुदत, आणि तेवढ्यात अपील केले तर ते निकाली निघेपर्यंत पद शाबूत. अपिले वर्षानुवर्षे पडून राहतात, त्यामुळे तीन महिन्यांचा अर्थ व्यवहारात पूर्ण कार्यकाळ असा झाला. या सवलतीमागे युक्तिवाद नव्हता असे नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो मांडला: ही सवलत त्या माणसासाठी नाही, सभागृहासाठी आहे. सरकार एक-दोन मतांवर टिकून असेल, तर एका दोषसिद्धीने ते पडेल, आणि अपिलात तो माणूस सुटला तर झालेली पोटनिवडणूक मागे घेता येत नाही. युक्तिवाद ऐकायला बरा आहे. पण टिकून राहण्यासाठी शिक्षा झालेल्याचे मत लागणारे सरकार वाचवायचेच का, हा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही.

१० जुलै २०१३ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने हे पोटकलम रद्द केले. आधार नैतिकतेचा नव्हता, संसदेच्या अधिकाराचा होता. सदस्य होण्यासाठीची आणि सदस्य राहण्यासाठीची अपात्रता राज्यघटना एकाच वाक्यात सांगते. मग बाहेरच्याला एक नियम आणि आतल्याला दुसरा, असा भेद करण्याचा अधिकार संसदेला नाही. निकाल पुढच्या प्रकरणांनाच लागू केला. त्याच दिवशी आणखी एक निकाल आला: कोठडीतल्या माणसाला मतदान करता येत नाही, म्हणून त्याला निवडणूकही लढवता येणार नाही. हा दुसरा निकाल संसदेने दोन-अडीच महिन्यांत दुरुस्ती करून निष्प्रभ केला, फारसा गाजावाजा न होता.

पहिल्याबाबतही तसेच घडायचे होते. सप्टेंबरच्या अखेरीस मंत्रिमंडळाने वटहुकूम मंजूर केला. दोषी सदस्याने मतदान करू नये, वेतन घेऊ नये, पण पद राहावे, अशी ती तडजोड होती. सत्ताधारी काँग्रेसचेच उपाध्यक्ष राहुल गांधी यांनी २७ सप्टेंबरला पत्रकारांसमोर तो फाडून फेकण्याच्या लायकीचा ठरवला आणि २ ऑक्टोबरला तो मागे घेतला गेला. त्याच महिन्यात पहिल्या तीन खासदारांचे सदस्यत्व गेले.

तेव्हापासून वजन अपिलावरून खालच्या न्यायालयाच्या टेबलावर सरकले. आणि बातम्यांत सर्रास एकच समजले जाणारे दोन शब्द निर्णायक झाले: शिक्षेला स्थगिती आणि दोषसिद्धीला स्थगिती. पहिलीने माणूस तुरुंगाबाहेर येतो, सभागृहात परत येत नाही; त्यासाठी दुसरी लागते. नागपूरच्या जिल्हा बँकेतल्या २००२च्या घोटाळ्यात एका माजी मंत्र्याला डिसेंबर २०२३ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि आमदारकी गेली. पुढे उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती दिली, दोषसिद्धीला दिली नाही. त्यामुळे २०२४ची विधानसभा त्यांना लढवता आली नाही. लक्षद्वीपच्या खासदाराच्या दोषसिद्धीला जानेवारी २०२३ मध्ये स्थगिती मिळाली, तरी सदस्यत्व परत यायला मार्चअखेर उजाडली. काढून घ्यायला मात्र दोनच दिवस लागले होते. वटहुकमाला विरोध करणारे ते उपाध्यक्षही मार्च २०२३ मध्ये बदनामीच्या खटल्यात बरोबर दोन वर्षांची शिक्षा झाल्याने अपात्र ठरले. ऑगस्टमध्ये दोषसिद्धी स्थगित करताना न्यायालयानेच नोंदवले, की शिक्षा एका दिवसाने कमी असती तर अपात्रता आलीच नसती.

संपत्तीचा धागा वेगळ्या वाटेने आला. २००२ आणि २००३च्या निकालांनंतर उमेदवाराला मालमत्ता, देणी आणि खटले प्रतिज्ञापत्रात सांगावे लागतात. त्याच कागदांवरून दिसते, की २०२४च्या लोकसभेतल्या ५४३ पैकी २५१ जणांवर खटले आहेत आणि ५०४ जण कोट्यधीश आहेत. खटले म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे इथेही लागू. माहिती मिळाली, पण मालमत्ता कुठून आली हे प्रतिज्ञापत्र सिद्ध करत नाही; त्यासाठी बेहिशेबी मालमत्तेचा खटलाच लागतो.

असा सर्वांत गाजलेला खटला तमिळनाडूचा. मुख्यमंत्री जयललिता यांच्या १९९१-९६ या कार्यकाळातल्या मालमत्तेचा निकाल, सुनावणी शेजारच्या राज्यात हलवून, सप्टेंबर २०१४ मध्ये लागला: चार वर्षे कैद, १०० कोटी दंड. पदावर असतानाच त्या अपात्र ठरल्या. मे २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले आणि बारा दिवसांनी त्यांनी पुन्हा शपथ घेतली. सर्वोच्च न्यायालयाने मूळ शिक्षा कायम केली ती १४ फेब्रुवारी २०१७ रोजी. त्यांचे निधन आधीच्या डिसेंबरात झाले होते, त्यामुळे त्यांच्यापुरते प्रकरण संपले. उरलेले तिघे सहआरोपी तुरुंगात गेले. त्यांतल्या एकीची नऊच दिवसांपूर्वी विधिमंडळ पक्षाची नेता म्हणून निवड झाली होती.