‘मी राहतोय’ म्हणजे नक्की काय, कॅन्ससच्या कोचची जुनी भानगड

मार्च संपत आला की कॅन्सस युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल टीमच्या फॅन्सचं दरवर्षीचं सुरू होतं, कोच (आताचे बिल सेल्फ) राहणार का जाणार. हल्ली कारण तब्येतीचं आहे. 2023 ला मार्चमधल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय टुर्नामेंटच्या ऐन मोक्याच्या वेळी स्टेंट बसले आणि त्यांना बाहेर बसावं लागलं, 2025 च्या जुलैत आणखी दोन बसले, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये टीम पहिल्याच राउंडला आर्कान्सोकडून 79-72 अशी हरून घरी आलेली. त्यामुळे लोकांना प्रश्न पडणारच. पण लॉरेन्समधल्या (कॅन्सस युनिव्हर्सिटीचं गाव) जुन्या लोकांच्या पोटात हा प्रश्न ऐकून जो गोळा येतो तो आताच्या कोचमुळे नाही, आधीच्या कोचमुळे, रॉय विल्यम्समुळे, म्हणून तेच आधी सांगतो.

फार मागं जात नाही. बास्केटबॉल ज्यानं शोधून काढला तोच 1898 मध्ये इथं आला आणि इथला पहिला कोच झाला, आणि गंमत म्हणजे इथल्या सगळ्या कोचमध्ये जिंकलेल्यापेक्षा हरलेल्या मॅच जास्त असलेला तो एकटाच. पुढचं एवढंच लक्षात ठेवा की कॅन्सस आणि नॉर्थ कॅरोलायना ही दोन घरं एकमेकांची सोयरी आहेत. नॉर्थ कॅरोलायनाला 1961 पासून 36 वर्षं ज्यानं सांभाळलं तो मूळचा कॅन्ससचा, तिथल्या 1952 च्या चॅम्पियन टीममधला. उलट 1988 ला कॅन्ससला टायटल मिळवून देऊन लगेच एनबीएत (अमेरिकेतली प्रोफेशनल लीग) गेलेला कोच शिकला नॉर्थ कॅरोलायनात. त्याच्या जागी आणला तोही तिकडचाच, त्या 36 वर्षंवाल्याच्या हाताखाली दहा वर्षं असिस्टंट, कॉलेजला हेड कोच म्हणून अनुभव शून्य. हाच रॉय विल्यम्स. या गड्यानं कॅन्ससला 15 वर्षांत 418 मॅच जिंकून दिल्या, हरला फक्त 101. टायटल मात्र एकही नाही.

म्हणजे माहेरचं बोलावणं कधीतरी येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते आलं 2000 च्या जूनअखेर. नॉर्थ कॅरोलायनाची खुर्ची रिकामी झाली, गुरूचा फोन आला, आणि हा आठवडाभर काही बोलेनाच. 6 जुलैला शेवटी प्रेस कॉन्फरन्स ठेवली आणि ती बघायला हजारो लोक फुटबॉलच्या स्टेडियममध्ये जाऊन मोठ्या स्क्रीनसमोर बसले, भर उन्हाळ्यात, मॅच नाही काही नाही, नुसता एक माणूस काय बोलतो ते ऐकायला. तो म्हणाला, मी राहतोय. स्टेडियम दणाणलं. आणि भरीला तो असंही काहीसं बोलून गेला की माझी अशी मोठी प्रेस कॉन्फरन्स परत होईल ती मी रिटायर होईन तेव्हा नाहीतर मरेन तेव्हा.

सगळी भानगड या वाक्याची आहे.

कारण पुढच्या तीन वर्षांत दोन्हीकडं गडबड झाली. नॉर्थ कॅरोलायनानं जो नवा कोच आणला त्याचा 2001-02 चा सीझन 8 जिंकले, 20 हरले असा गेला, आणि 1 एप्रिल 2003 ला त्यानं राजीनामा दिला. इकडं कॅन्ससमध्ये कोचचा जुना दोस्त असलेले ॲथलेटिक डायरेक्टर (युनिव्हर्सिटीतल्या सगळ्या खेळांचे प्रमुख) 2001 ला गेले, नवे आले त्यांच्याशी कोचचं पटेना. आणि टायमिंग बघा, राजीनाम्यानंतर सहा दिवसांनी, 7 एप्रिलला कॅन्ससची सिरॅक्यूजशी फायनल. 81-78 नं हरले. फ्री थ्रो 30 मारले, त्यातले 12 च आत गेले. तीन पॉइंटनं हरलेल्या मॅचमध्ये 18 फुकटचे पॉइंट सोडले, हे आठवलं की अजून झोप उडते. आणि कोच डोळे पुसत बाहेर येतोय तोच टीव्हीवाल्यांनी माईक पुढं करून नॉर्थ कॅरोलायनाचं विचारलं. त्यानं एकदा टाळलं, परत विचारलं, तेव्हा लाइव्ह टीव्हीवर शिवी घालून सांगितलं की मला आत्ता नॉर्थ कॅरोलायनाचं काही पडलेलं नाही.

फॅन्सनी यातला ‘आत्ता’ ऐकलाच नाही.

दोन दिवसांनी युनिव्हर्सिटीनं ॲथलेटिक डायरेक्टरला काढलं. कोच थांबावा म्हणूनच काढलं असं तेव्हा जो तो म्हणत होता. त्या माणसानं स्वतःच्या घरासमोर पत्रकारांना उभं करून सांगितलं की कोचच्या हातात मी कबुतरासारखा होतो, त्यानं उडू द्यायच्याऐवजी चिरडलं. आणि इतकं करून 14 एप्रिलला कोच नॉर्थ कॅरोलायनाला गेलाच.

आता तो खोटं बोलला का? एका पार्टीचं म्हणणं सरळ आहे, रिटायर किंवा मरेन म्हणालास, दोन्ही झालं नाही, विषय संपला. माझं मत जरा वेगळं आहे. 2000 ला तो थांबला त्यामागं मुख्य गोष्ट होती त्यानं आणलेल्या पोरांना दिलेला शब्द, आणि त्यातले दोघं मोठे प्लेअर 2003 च्या त्या फायनलमध्ये शेवटच्या वर्षाला होते. म्हणजे ज्यांना शब्द दिला त्यांचं शिक्षण पुरं करून मग तो गेला. स्टेडियमनं तो शब्द आपल्यालाच दिलाय असं धरलं. पण हे लॉरेन्समध्ये बोलायची सोय नाही. 2008 ला कॅन्ससनं सेमीफायनलला त्याच्याच टीमला 84-66 धुतलं (एका वेळी 40-12 होते!), तरी दोन दिवसांनी तो फायनलला कॅन्ससचा स्टिकर शर्टवर लावून प्रेक्षकांत बसला, तेव्हा बऱ्याच जणांचा राग उतरला, आणि नॉर्थ कॅरोलायनावाले वेगळेच चिडले.

तेव्हापासून लोक शब्दावर न जाता काँट्रॅक्टवर जायला लागले आणि तिथं नवा घोळ. बायआउट हा शब्द दोन उलट्या गोष्टींना वापरतात. कॉलेजनं कोचला काढलं तर कॉलेज भरतं तोही बायआउट, कोच स्वतः निघाला तर तो (म्हणजे खरंतर नवं कॉलेज) भरतो तोही बायआउट, आणि आकडे दोन्हीकडं सारखे नसतात. फॅन्स मोठा आकडा बघून निवांत होतात, पण बहुतेक वेळा तो काढायचा आकडा असतो, जायचा नव्हे.

केंटकीचं उदाहरण घ्या. 2019 ला कोचला ‘लाइफटाइम’ काँट्रॅक्ट दिलं. 2024 ला पहिल्याच राउंडला ओकलंडकडून हरले, लोक म्हणाले काढा, तर काढायला साधारण 33 मिलियन डॉलर. मग कॉलेजनं जाहीर केलं की कोच राहणार. दोन आठवड्यांत तोच उठून आर्कान्सोला गेला, केंटकीला छदाम द्यावा लागला नाही. 2025 ला कॅन्ससला घरी पाठवणारा आर्कान्सो तो हाच बरं का. त्याच 2024 च्या उन्हाळ्यात कनेक्टिकट युनिव्हर्सिटीच्या कोचला एनबीएतल्या लेकर्सनी सहा वर्षांचे 70 मिलियन देऊ केल्याच्या बातम्या होत्या, तो नाही म्हणाला आणि महिन्याभरात आपल्याच कॉलेजकडून सहा वर्षांचे 50 मिलियन घेतले. म्हणजे राहणाराही फुकट राहत नाही.

कॅन्ससच्या आताच्या कोचचं 2021 पासून लाइफटाइमच आहे. पाच वर्षांचं काँट्रॅक्ट, एक वर्ष सरलं की मागं एक जोडायचं, त्यामुळे कधीही काढून बघा, पाच वर्षं शिल्लकच दिसतात, अगदी हॉस्पिटलमधून बघितलं तरी.