वस्तुमान प्रवाहदर : एककांचे रूपांतर

एखाद्या छेदातून एकक काळात पुढे सरकणारे वस्तुमान म्हणजे वस्तुमान प्रवाहदर. आंतरराष्ट्रीय पद्धतीत त्याचे एकक किलोग्रॅम प्रति सेकंद (किग्रॅ./से.) आहे. अतिदक्षता विभागातील सिरिंज पंपापासून ताऱ्यांच्या वस्तुमानक्षयापर्यंत हीच राशी मोजली जाते आणि या दोन टोकांच्या नेहमीच्या एककांत तीसहून अधिक दशघातांचे (दहाच्या घातांचे) अंतर पडते. रूपांतराची रीत मात्र एकच : वरचे वस्तुमान किलोग्रॅममध्ये आणि खालचा काळ सेकंदात आणून भागायचे. १ टन प्रति तास म्हणजे ०.२७७८ किग्रॅ./से.; १ टन प्रतिदिन म्हणजे ०.०११५७ किग्रॅ./से. १९५९ च्या करारानुसार पौंड ०.४५३५९२३७ किग्रॅ. धरला जातो, त्यावरून १ पौंड प्रति तास म्हणजे ०.१२६ ग्रॅम प्रति सेकंद. टन मेट्रिक (१,००० किग्रॅ.), ब्रिटिश (सु. १,०१६ किग्रॅ.) की अमेरिकी (सु. ९०७ किग्रॅ.) हे आधी पाहावे लागते.

सूक्ष्म दर : डोपामिन या शिरेतून द्यायच्या औषधाची मात्रा ५ मायक्रोग्रॅम प्रति किग्रॅ. प्रति मिनिट आणि रुग्णाचे वजन ६० किग्रॅ. असेल, तर दर ३०० मायक्रोग्रॅम प्रति मिनिट, म्हणजेच तासाला १८ मिग्रॅ. होतो. ५० मिलि. द्रावणात २०० मिग्रॅ. औषध असेल, तर पंपावर तासाला ४.५ मिलि. लावतात. सेकंदाचा हिशेब ५ मायक्रोग्रॅम. किलोग्रॅमला मुळातच उपसर्ग असल्याने पुढचे सर्व उपसर्ग ग्रॅमलाच लागतात, आणि किग्रॅ./से.वर येताना हजारपटीची चूक नेमकी येथे होते.

वायूंच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. अर्धवाहक उद्योगात दर ‘प्रमाण घन सेंमी. प्रति मिनिट’मध्ये देतात. हे एकक आकारमानाचे दिसत असले, तरी ठरावीक तापमान व दाब गृहीत धरल्याने ते वस्तुतः वस्तुमान दराचेच आहे. पण ‘प्रमाण’ म्हणजे काय, याबाबत एकवाक्यता नाही. ०° से. व १०१.३२५ किलोपास्कल धरल्यास नायट्रोजनसाठी १ एकक म्हणजे मिनिटाला १.२५ मिग्रॅ. होते. काही उत्पादक २०° से. धरतात, मग तेच १.१६ मिग्रॅ. भरते, म्हणजे सु. ७ टक्के कमी. शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने १९८२ मध्ये प्रमाण दाब १०० किलोपास्कल केल्याने आणखी सव्वा टक्क्याचा फरक पडला. अर्धवाहक उद्योगाच्या मानकात पहिलीच व्याख्या आहे व तीच धरणे सोयीचे. शिवाय वायू बदलला की गुणक बदलतो. हेलियमसाठी तो नायट्रोजनच्या सातव्या हिश्श्याएवढाच असतो.

मध्यम दर : साखर कारखान्याची गाळप क्षमता टन प्रतिदिन या एककात सांगतात. २,५०० टन प्रतिदिन म्हणजे २४ तासांच्या हिशेबाने २८.९ किग्रॅ./से. तथापि भारतीय साखर उद्योगात क्षमता २२ तासांच्या दिवसावर काढण्याची रूढी आहे. त्या हिशेबाने तासाला ११३.६ टन, म्हणजे ३१.६ किग्रॅ./से. येतात. दोन्हींत ९ टक्के फरक आहे. दशघात चुकला तर उत्तर हास्यास्पद दिसते व चूक पकडली जाते. ९ टक्के मात्र निमूटपणे खपून जातात. गव्हाणीची वा मिलची रचना करताना तासाचा दर घेणेच इष्ट.

धरणांच्या विसर्गाचे क्युसेक हे आकारमानाचे एकक होय (सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८.३२ लिटर प्रति सेकंद). पाण्याची घनता घनमीटरला हजार किग्रॅ. धरली, की ते २८.३ किग्रॅ./से. होते, म्हणजे वरील कारखान्यात जाणारा ऊस आणि एक क्युसेक पाणी वजनाने जवळपास सारखेच. ११,५७४ क्युसेक विसर्ग दिवसभर चालला, तर १ टीएमसी (१०० कोटी घनफूट) पाणी जाते. पुराच्या गढूळ पाण्याची वाढीव घनता या हिशेबात सहसा धरत नाहीत.

महाकाय दर : सागरी प्रवाहांचे स्वेर्द्रुप हे एकक सेकंदाला दहा लाख घनमीटर, म्हणजे पाण्यासाठी साधारण १०० कोटी किग्रॅ./से. असते. सूर्य प्रारणाच्या रूपाने सेकंदाला सु. ४३ लाख टन वस्तुमान गमावतो. त्याच्या एकूण वस्तुमानाचा हा वर्षाला सु. पंधरा लाख कोटींवा भाग होय. खगोलशास्त्रात ‘सौर वस्तुमान (सूर्याएवढे वस्तुमान) प्रतिवर्ष’ हे एकक वापरतात, ते सु. ६.३ गुणिले १० चा २२ वा घात इतके किग्रॅ./से. भरते. येथे वर्ष ३६५.२५ दिवसांचे (३,१५,५७,६०० से.) ज्युलियन धरावे, काही तक्त्यांत ३६५ दिवसांचे वर्षही आढळते. फरक ०.०७ टक्के. ताऱ्यांच्या वाऱ्यांचे (ताऱ्यांतून बाहेर वाहणाऱ्या द्रव्याचे) दर पुष्कळदा दोन-तीन पटींनी अनिश्चित असल्याने तेथे हा वाद फारसा उरत नाही. हवामानशास्त्रातील १ पेटाग्रॅम (१०० कोटी टन) प्रतिवर्ष म्हणजे सु. ३१,७०० किग्रॅ./से.; आकडा कार्बनचा की कार्बन डायऑक्साइडचा (३.६७ पट) हे मात्र तपासावे.

भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती येण्यापूर्वीचे दर मणात आढळतात. रेल्वेचा वा बंगाली मण ३७.३२ किग्रॅ., तर मुंबईचा मण २८ पौंड, म्हणजे सु. १२.७ किग्रॅ. होता. नोंदीत कोणता मण हे दिलेले नसेल, तर असे दर किलोग्रॅममध्ये आणू नयेत.