तोरणमाळचा घाट आणि गाडीचं ॲव्हरेज

खान्देशात नवी गाडी दारात उभी राहिली की हातातला पेढा तोंडात जायच्या आधीच प्रश्न येतो, "भो, गाडी कितलं ॲव्हरेज देस?" उत्तरादाखल एकच आकडा सांगितला जातो. अठरा. बावीस. पंचेचाळीस. लांबच्या प्रवासाचा खर्च काढताना हाच एकटा आकडा आपल्याला सगळ्यात जास्त चकवतो, म्हणून त्याबद्दल लिहितोय.

आधी तो काढायचा कसा ते बघू. शोरूममध्ये सांगितलेला आकडा बाजूला ठेवा आणि टाकी फुल्ल करा. नोझल आपोआप 'खट्' करून बंद झालं की तिथेच थांबायचं. पैसे राउंड व्हावेत म्हणून आणखी थोडं ओतू द्यायचं नाही. मीटरवरचे किलोमीटर लिहून घ्यायचे. तीन-चारशे किलोमीटर झाले की शक्यतो त्याच पंपावर पुन्हा पहिल्या 'खट्'पर्यंत भरायचं. या दुसऱ्या वेळी जेवढं गेलं, तेवढंच मधल्या प्रवासात जळलं. ३६० किलोमीटरला २० लीटर लागले, तर ॲव्हरेज १८. प्रवासाचं अंतर भागिले हे ॲव्हरेज, गुणिले पेट्रोलचा दर, की झाला खर्चाचा अंदाज. जळगावहून एरंडोल, पारोळ्यावरून धुळ्याला जायचं असेल तर हे गणित छान जुळतं, कारण रस्ता बराचसा सपाट आहे.

पण शहाद्याहून तोरणमाळला निघालात की ते बिघडतं.

हिशेब सोपा जावा म्हणून अंतर ५४ किलोमीटर धरू. सपाटीवर १८ देणाऱ्या गाडीला त्यासाठी ३ लीटर पुरले असते. मात्र तोरणमाळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरपेक्षा जास्त उंचीवर आहे, म्हणजे तापीकाठच्या सपाटीवरून गाडी साधारण एक हजार मीटर वर उचलावी लागते. माणसं आणि सामानासकट गाडीचं वजन १२०० किलो धरा. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, म्हणजे १२०० × ९.८ × १००० : जवळजवळ १.२ कोटी ज्यूल, अर्थात १२ मेगाज्यूल. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या लीटरमध्ये सुमारे ३० मेगाज्यूल ऊर्जा असते, पण तिच्यातली जेमतेम चौथाई चाकांपर्यंत पोचते. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. म्हणजे एका लीटरमागे हाती लागतात साडेसात मेगाज्यूल. निव्वळ उंची गाठायला दीड लीटर जादा लागलं ते असं. ३ चे झाले साडेचार, आणि ॲव्हरेज उतरलं १२ वर.

येताना उतार आहे, तेव्हा वाचेल की! वाचतं, पण सगळं परत मिळत नाही. वर साठवलेली ऊर्जा उतारावर गाडी ढकलते खरी, पण प्रत्येक वळणावर आपण ब्रेक दाबतो आणि तिच्यातला मोठा भाग ब्रेक तापवण्यात जातो. समजा परतीला २.२५ लीटर लागले. ५४ भागिले २.२५, ॲव्हरेज २४.

आता जाताना १२, येताना २४. बेरीज करून दोनाने भागलं तर येतात १८, अगदी सपाटीवरचाच आकडा! घाटाचा खर्च भरून निघाला असं वाटून आपण खूश होतो. प्रत्यक्षात १०८ किलोमीटरला ६.७५ लीटर लागले, म्हणजे खरं ॲव्हरेज १६. लीटरला १०५ रुपये दर धरला तर अंदाज ६३० रुपयांचा आणि खर्च ७०९ रुपयांचा. गाडीने धोका दिलेला नाही, पंपावर मापात कमी मिळालेलं नाही. चूक सरासरीत आहे. कमी ॲव्हरेजच्या रस्त्यावर पेट्रोल जास्त जळतं, म्हणून त्या रस्त्याचं वजनही हिशेबात जास्त पडलं पाहिजे. किलोमीटर वेगळे मिळवायचे, लीटर वेगळे मिळवायचे आणि मगच भागाकार करायचा. रावेर-सावद्याकडचा केळीचा पिकअप भरून जाताना १० आणि रिकामा येताना १५ देत असेल, तर त्याचं ॲव्हरेज साडेबारा नाही, १२ आहे.

उतारावर पेट्रोल वाचवायला कित्येक जण गाडी न्यूट्रल करतात. हे कृपा करून करू नका. आजच्या इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंजिनचा इंधनपुरवठाच बंद होतो. चाकंच इंजिनला फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, वर इंजिनचा आवर सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

आपल्याकडे मे महिन्यात आणखी एक सल्ला फिरतो : पहाटे पेट्रोल भरा, थंड असतं, जास्त मिळतं. पेट्रोल दर अंशाला साधारण ०.१ टक्का फुगतं हे खरं. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते. जळगाव-भुसावळला बाहेर पारा ४५ वर गेला तरी खालच्या पेट्रोलचं तापमान पहाट आणि दुपारमध्ये फारसं हलत नाही. त्यासाठी झोपमोड नको. टायरची हवा मात्र सकाळी, टायर गार असताना तपासलेली बरी, कारण तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो.

युरोपात हिशेब उलटा मांडतात : १०० किलोमीटरला किती लीटर. मला ही रीत जास्त प्रामाणिक वाटते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं, की इंधनाच्या एका मापात किती अंतर या आकड्यावरून माणसं बचतीचा अंदाज चुकवतात. घरात मोटरसायकल आणि पिकअप दोन्ही असतील तर करून बघा. मोटरसायकल बदलून ॲव्हरेज ५० वरून ६० झालं, की दहाची वाढ म्हणून गावभर सांगितलं जातं. पिकअप बदलून १० चं साडेबारा झालं, तर अडीचची वाढ कोणी मोजतही नाही. हजार किलोमीटरला मोटरसायकलचं इंधन २० लीटरवरून १६.७ वर आलं. पिकअपचं १०० वरून ८० वर.