खारट गाभ्यातल्या पेशी

एप्रिलच्या उन्हात सिंहगड चढून उतरलेल्या माणसाला लघवी थोडी आणि गडद पिवळी होते, कारण घामावाटे गेलेले पाणी भरून निघेपर्यंत मूत्रपिंडे उरलेले पाणी शक्य तितके राखून ठेवतात. त्यासाठी मूत्रपिंडाच्या आतल्या भागात, म्हणजे मज्जेत, मीठ आणि युरिया साठवलेले असतात. रक्तात विरघळलेल्या कणांचे प्रमाण किलोमागे सुमारे २९० मिलिऑस्मोल असते, तर मज्जेच्या टोकाशी ते १,२०० च्या घरात जाते.

कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, तसेच मज्जेतल्या पेशींचेही व्हायला हवे. आणि भोवतीचे मीठ एकदम वाढले तर पेशी खरोखरच आकसते. त्यावर ती प्रथम सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड आत ओढते, त्यामागोमाग पाणी येते आणि आकार सावरतो. मात्र आतले क्षार वाढले की प्रथिनांचे काम बिघडते आणि डीएनएचे धागेही तुटतात, त्यामुळे या उपायावर फार काळ निभावत नाही.

खरी तजवीज पुढच्या काही तासांत होते. १९९९ मध्ये ओळख पटलेले टॉनईबीपी हे प्रथिन केंद्रकात शिरून काही ठरावीक जनुके जागी करते. त्यांतल्या एका जनुकापासून बनणारे अल्डोज रिडक्टेज हे विकर ग्लुकोजचे सॉर्बिटॉल करते. इतर जनुकांमुळे बीटेन, इनोसिटॉल आणि टॉरिन बाहेरून आत आणणारे वाहक तयार होतात. हे पदार्थ कितीही साठले तरी प्रथिनांना सहसा बाधत नाहीत, म्हणून पेशी क्षार बाहेर काढून त्यांच्या जागी यांना ठेवते. युरियाची गोष्ट वेगळी आहे. तो पेशीत सहज शिरतो, म्हणून पेशी आकसत नाही, पण प्रथिनांची घडी मोडतो. बीटेन आणि ग्लिसेरोफॉस्फोकोलीन ती घडी सांभाळतात.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती याची उलट बाजू. भरपूर पाणी प्यायल्यावर मज्जा पातळ होते आणि साठा तसाच राहिला तर पेशी फुगेल. म्हणून पटलातील मार्ग उघडून ती तो साठा झपाट्याने बाहेर सोडते. मेंदूच्या पेशीही असेच पदार्थ साठवतात, पण त्यांना ते इतक्या वेगाने सोडता येत नाहीत. म्हणूनच बरेच दिवस वाढलेले रक्तातील सोडियम डॉक्टर बेताबेताने खाली आणतात, नाहीतर मेंदूला सूज येऊ शकते.