घडीचा फोन आणि वाकणारी काच

माझा भाचा सिव्हिल इंजिनिअर. दिवसभर साइटवर उभा, आणि आर्किटेक्टने पाठवलेली ड्रॉइंग्ज फोनच्या इवल्याशा पडद्यावर दोन बोटांनी मोठी करकरून बघतो. मध्यंतरी त्याचा फोन आला, "मामा, घडीचा घेऊ का? उघडला की वहीच्या पानाएवढा होतो." किंमत विचारली तर पावणेदोन लाख. सॅमसंगचा झेड फोल्ड ७ भारतात जुलै २०२५मध्ये आला, तो १,७४,९९९ रुपयांना. "पण मामा, आतला पडदा नुसता प्लॅस्टिकचा असतो म्हणे. काच कुठे वाकते का?"

वाकते. घ्यायचा की नाही हे नंतर सांगतो म्हटलं, आधी काचेचं ऐक.

त्याचं म्हणणं एकेकाळी खरं होतं. सॅमसंगच्या २०१९च्या पहिल्या घडीच्या फोनचा, गॅलेक्सी फोल्डचा, पडदा प्लॅस्टिकचाच होता. एप्रिलमध्ये परीक्षणासाठी पत्रकारांना दिलेल्या त्या फोनवरचा वरचा थर काहींनी साधा स्क्रीनगार्ड समजून सोलून काढला, काहींच्या बिजागरीत कण शिरले, पडदे बंद पडले आणि विक्री सप्टेंबरवर गेली. फेब्रुवारी २०२०मध्ये आलेल्या झेड फ्लिपमध्ये मात्र खरी काच होती, ३० मायक्रोमीटर जाडीची. आपला केस साधारण ७० मायक्रोमीटरचा, म्हणजे केसाच्या निम्म्याहून पातळ.

पातळपणाने काय साधतं? कुठलीही पट्टी वाकवली की तिचं बाहेरचं अंग ताणलं जातं आणि आतलं दाबलं जातं. मधे एक पातळी अशी असते की ती ना ताणली जाते ना दाबली जाते. तिला उदासीन पातळी म्हणू. बाहेरचं अंग किती ताणलं जाईल, याचं गणित शाळकरी आहे: जाडीला वळणाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागायचं. घडीची त्रिज्या दीड मिलिमीटर धरा. साध्या फोनवरची ०.६ मिलिमीटरची काच तेवढी वाकवायची तर ती २० टक्के ताणली जायला हवी. अशक्य. ०.०३ मिलिमीटरच्या, म्हणजे त्या ३० मायक्रोमीटरच्या काचेला मात्र एकच टक्का ताणावं लागतं.

पण साधी काच एक टक्कासुद्धा सोसत नाही, ०.१ टक्क्याच्या आसपासच तडकते. खरं तर काचेतले अणूंचे बंध याहून पुष्कळ बळकट असतात. मग ती एवढ्यात का फुटते, हे कोडं ॲलन ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात सोडवलं. कापडवाला कापड फाडताना काय करतो? काठाला कात्रीने बारीकशी चीर देतो आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन फाडतो. चीर नसेल तर तेच कापड हातांना दाद देत नाही. काचेच्या पृष्ठभागावर अशा डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असंख्य असतात आणि सगळा ताण त्यांच्या टोकाशी एकवटतो. चीर जितकी खोल, तितकी काच दुबळी.

म्हणून दोन गोष्टी करतात. कडा घासून-घासून निर्दोष करतात, आणि काच सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवतात. काचेतले सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे येऊन बसतात. सोडियमच्या आयनाची त्रिज्या सुमारे १०२ पिकोमीटर, पोटॅशियमची १३८. लोकलच्या बाकावरून सडपातळ माणूस उठावा आणि तिथे भरदार देहाचा गृहस्थ बसावा, तसं. सगळा बाक दाटतो. पृष्ठभाग असा कायमचा दाबाखाली राहिला की चिरांची तोंडं मिटलेली राहतात. वाकवताना आधी तो दाब संपवावा लागतो, मग कुठे ताणाला सुरुवात. मला या सगळ्या फोनमध्ये आवडतं ते एवढंच!

काचेखाली आणखी थर असतात. चित्र उमटवणारे ओएलईडीचे थर पॉलिइमाइड नावाच्या प्लॅस्टिकवर रचलेले असतात. उपग्रहांभोवतीचं सोनेरी वेष्टन याच घराण्यातलं. हे सगळे थर कडक गोंदाने एकजीव केले तर जाडी पुन्हा वाढली आणि मघाचं गणित कोसळलं. म्हणून मऊ, घसरू देणारा गोंद. पत्त्यांचा कॅट वाकवला की पानं एकमेकांवरून सरकतात, कडेला पायऱ्या दिसतात आणि प्रत्येक पानाची उदासीन पातळी वेगळी राहते. तसंच इथे. पण मऊ गोंद आणि प्लॅस्टिक यांना स्मृती असते. तासन्‌तास दुमडून ठेवले की त्यांचे लांबलचक रेणू हळूहळू त्या आकारात रुळतात, आणि मधली ती प्रसिद्ध रेघ उमटते. थेंबाच्या आकाराच्या बिजागरीने त्रिज्या वाढवून ती फिकी केली आहे. आई पैठणीची घडी मधूनमधून मोडून दुसरीकडून घालते, एकाच रेघेवर जर तुटू नये म्हणून. फोनला ती सोय नाही.

काचेवर पुन्हा प्लॅस्टिकचा थर असतोच, आणि त्यावर नखानेही ओरखडा उठू शकतो. म्हणजे भाचा अगदीच चुकला नव्हता.

आता पावणेदोन लाखांचं. दोन लाख घड्या, पाच लाख घड्या असे आकडे जाहिरातीत असतात. दिवसाला शंभर वेळा उघडझाप धरली तर दोन लाखांना साडेपाच वर्षं लागतात, तेव्हा त्याची चिंता नको. मात्र हे आकडे स्वच्छ खोलीतल्या यंत्राचे आहेत. फोल्ड ७वर आयपी४८ लिहिलेलं असतं, तो धूळ आणि पाणी किती अडतं याचा दर्जा. त्यातला ८ पाण्याचा, चांगला. ४चा अर्थ असा, की एक मिलिमीटरहून मोठी वस्तू आत जाणार नाही. वाळूचे बहुतेक कण आणि सगळी धूळ त्याहून बारीक. साध्या महाग फोनवर तिथे ६ असतो, म्हणजे धूळ पूर्ण बंद. गुगलने २०२५च्या पिक्सेल १० प्रो फोल्डमध्ये तो ६ आणला, पण किंमत त्याच रांगेतली. शिवाय फोल्ड ७च्या उघडल्यावरच्या ४.२ मिलिमीटर जाडीत बॅटरी मावणार किती? ४,४०० एमएएच. सॅमसंगच्याच, २०२५च्या सुरुवातीला १,२९,९९९ रुपयांपासून विक्रीला आलेल्या एस२५ अल्ट्रा या साध्या फोनमध्ये ५,००० आहे.

  

एसीत बसून दोन तक्ते शेजारी-शेजारी उघडणाऱ्या सीएला मी घडीचा फोन घे म्हणेन, पैसे असतील तर. ज्याला मोठा पडदा खरंच हवा, तो माझा भाचा मात्र सिमेंट आणि क्रश सँडमध्ये उभा असतो. त्याने तीस हजारांचा साधा फोन घेतला, गाडीत ठेवायला एक टॅबलेट घेतला, आणि टॅबलेटच्या कोपऱ्यावर पहिल्याच आठवड्यात वीट पडली. काच तडकली. ती जाड होती.