इबिझा आणि मिकोनोस: एकाची रात्र, दुसऱ्याची दुपार

टूर कंपन्यांच्या पत्रकांत ही दोन नावं जोडीनेच येतात. फोटोही जवळपास सारखे असतात: पांढरी घरं, निळं पाणी, एका कानाला हेडफोन लावलेला डीजे. त्यामुळे 'इबिझा नाही जमलं तर मिकोनोस करू' असं सर्रास ठरतं आणि घोटाळा लक्षात येतो तो तिथे पोचल्यावर. इबिझात पैसे मोजायचे ते तिकिटाचे, म्हणजे अमुक रात्री, अमुक क्लबात, अमुक डीजे. मिकोनोसमध्ये पैसे जातात जागेचे. कुठला किनारा, पाण्यापासून कितवी रांग, टेबल कुठलं. एवढं ध्यानात घेतलं की राहायचं कुठे, झोपायचं कधी आणि युरो किती न्यायचे, हे बरंचसं आपोआप ठरतं.

आधी नकाशा बघा. इबिझा स्पेनचं, बालेआरिक बेटांपैकी. क्षेत्रफळ ५७१ चौरस किलोमीटर, पाइनची झाडी, लाल माती आणि कायम राहणारी वस्ती दीड लाखाच्या घरात. मिकोनोस ग्रीसचं, एजियन समुद्रातलं. जेमतेम ८५ चौरस किलोमीटर, उघडाबोडका ग्रॅनाइट, वस्ती दहा हजारांच्या आसपास. इबिझात पार्टीबाहेरचं एक चालतंबोलतं बेट आहे. तिथे शाळा, बाजार, साधी उपाहारगृहं, बऱ्यापैकी बससेवा सगळं आहे. मिकोनोसला जवळपास प्रत्येक वस्तू जहाजाने येते आणि उन्हाळ्यात सगळं बेट पाहुण्यांभोवती फिरतं. तिथे स्वस्तात निभावणं म्हणूनच जास्त कठीण.

घड्याळाचाही मोठा वाटा आहे. दोन्ही बेटं अक्षांशाने जवळजवळ, पण इबिझा भूमध्य समुद्राच्या पश्चिमेला असूनही त्याचं घड्याळ मध्य युरोपचं. जूनअखेरीस तिथे सूर्य मावळतो रात्री साधारण ९.२० ला. मिकोनोसला त्याच दिवसांत ८.४० च्या सुमाराला. इबिझात लोक दहा वाजता जेवायला बसतात आणि बंदिस्त क्लब मध्यरात्री उघडतात, ते उगाच नव्हे. बारा वाजता आत शिरलात तर रिकाम्या फरशीवर उभे राहाल. खरी गर्दी दीडनंतर.

इबिझाची तिकिटं कशी चालतात, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. तिथे डीजेंची साप्ताहिक हजेरी असते. एखाद्याचा वार मंगळवार ठरला की त्याच क्लबात सीझनचे बरेचसे मंगळवार त्याचेच. म्हणून तारखांआधी वार ठरवा. एखाद्या ठरावीक डीजेला ऐकायचं असेल आणि तुमच्या चार रात्री बुधवार ते शनिवार असतील, तर मंगळवारवाला हुकलाच. वेळापत्रकं वसंतातच जाहीर होऊ लागतात. तिकिटं टप्प्याटप्प्याने महाग होत जातात. साधारण ५० ते १०० युरोंची तयारी ठेवावी. सगळ्यात स्वस्त तिकिटाला बहुतेक वेळा 'अमुक वाजेपर्यंतच प्रवेश' अशी अट असते आणि मोजली जाते ती दारातून आत जाण्याची वेळ, रांगेत उभं राहण्याची नाही. अर्धा तास हातात ठेवूनच निघावं.

हमखास होणारी चूक इबिझाच्या प्लाया देन बोसा किनाऱ्यावरची. तिथे उशुआया आणि हाय हे दोन क्लब रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत, त्यामुळे नवख्याला दोन्ही एकच वाटतात. उशुआया २०११ मध्ये सुरू झाला. तो उघड्यावर आहे, दुपारी उशिरा चालू होतो आणि फार तर मध्यरात्रीपर्यंत आटोपतो. हाय २०१७ चा, जुन्या 'स्पेस' क्लबच्या जागेवरचा. तो बंदिस्त आहे, मध्यरात्री सुरू होऊन सकाळी सहाला संपतो. या फरकाचं कारण आवाज. ऐंशीच्या दशकात इथले कू आणि ॲम्नेशिया हे मोठे क्लबसुद्धा उघड्या आभाळाखाली चालत. तक्रारी वाढल्या आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यावर छत आलं. ज्याला नाचायचंय पण रात्रभर जागायचं नाही, त्याने उशुआयाचं तिकीट काढावं आणि साडेबाराला झोपावं. आमच्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याने हेच करावं. दोन्ही एका दिवशी करणारे असतात, पण दुसऱ्या दिवसाचा समुद्र त्यांना सहसा दिसत नाही.

तारखेचाही गोंधळ होतो. तिकिटावर शुक्रवार, २३.५९ असं छापलेलं असेल तर नाचणं जवळजवळ सगळं शनिवारी. शनिवारी सकाळचं विमान असेल तर ते तिकीट घेऊ नका. आत गेल्यावर पाण्याच्या छोट्या बाटलीलाच १० युरोंच्या आसपास किंवा जास्त पडतात, कॉकटेलला वीसच्या वर. पोहण्याच्या कपड्यांत आणि साध्या चपलांत रात्रीच्या क्लबात अडवू शकतात. वयाच्या पुराव्यासाठी पासपोर्ट लागू शकतो, म्हणून तो पाण्यात भिजणार नाही असा ठेवा.

पाशा हा १९७३ पासूनचा क्लब इबिझा शहराच्या बंदराजवळ आहे, शहरात उतरलात तर चालत जाता येतं. बस आणि रस्त्यांच्या पाट्यांवर या शहराचं नाव कातालान रूपात 'एइव्हिसा' असं दिसेल, गोंधळू नका. ॲम्नेशिया सान राफाएलला, शहर आणि सान अँतोनिओच्या मधोमध. उन्हाळ्यात रात्री या सगळ्यांना जोडणारी डिस्कोबस धावते, भाडं मोजके युरो. पहाटे सहाला टॅक्सीची रांग भली मोठी असते आणि तेवढ्यात कोणीतरी 'टॅक्सी, टॅक्सी' म्हणत कानाशी येतं. तो परवाना नसलेला गाडीवाला असतो. अपघात झाला तर विमा नाही, भाडं तो म्हणेल ते.

फुकटची मजा हवी असेल तर सान अँतोनिओचा पश्चिम किनारा. काफे देल मार (१९८०) आणि मांबो (१९९४) या बारच्या खुर्च्यांचे पैसे पडतात, समोरच्या खडकांचे नाही. संगीत दोन्हीकडे तेवढंच ऐकू येतं. सूर्यास्ताआधी तासभर जागा धरावी. मात्र दुकानातून बिअर घेऊन रस्त्यावर उघडायची सवय इथे सोडा. बालेआरिकच्या कायद्याने सान अँतोनिओच्या ठरवून दिलेल्या भागात रस्त्यावर पिण्यास बंदी आहे, दंड ५०० युरोंपासून पुढे. तिथली दुकानं रात्री साडेनऊनंतर दारू विकत नाहीत. 'एकावर एक फुकट' अशी जाहिरातही तिथे बेकायदा आहे.

मिकोनोसचा दिवस उलट्या बाजूने सुरू होतो. दुपारी बारा-एकला किनाऱ्यावरच्या आरामखुर्चीवर, चार-पाचला आवाज चढतो, सूर्यास्ताच्या आगेमागे लोक टेबलांवर उभे असतात. मग अंघोळ करून 'खोरा' नावाच्या बेटाच्या मुख्य गावात. तिथल्या 'छोट्या व्हेनिस'मध्ये पाण्यालगतचे बार, आणि ज्यांच्यात जीव उरलाय ते पॅराडाइज किनाऱ्यावरच्या कड्यावर असलेल्या काव्हो पॅराडिसोला पहाटेपर्यंत. पण मुख्य खेळ दुपारचाच.

छत्री आणि दोन खुर्च्यांचा एक संच मानतात. साध्या ठिकाणी तो दिवसाला ४०-५० युरोंत मिळतो, नावाजलेल्या क्लबात पहिल्या रांगेसाठी त्याच्या कितीतरी पट. काही ठिकाणी खुर्चीचं भाडं वेगळं नसतं, पण 'किमान इतक्याचं खाणंपिणं' अशी अट असते. आरक्षण करताना तीन गोष्टी लेखी विचारा: रांग कितवी, किमान खर्च माणशी की संचाला, आणि न आल्यास कार्डावरून किती कापणार. शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही आणि फटका तिथेच बसतो.

बिलाचा विषय थोडा लांबवायलाच हवा, कारण मिकोनोसची बदनामी त्यावरूनच झाली आहे. मासे आणि कालामारी बऱ्याचदा किलोच्या भावाने असतात. मेन्यूत दिसणारा आकडा बशीचा नसतो. मासा शिजवण्याआधी तुमच्यासमोर वजन करायला सांगा आणि रक्कम आधीच वदवून घ्या. मेन्यू न दाखवता 'आज हे ताजं आहे' म्हणणाऱ्याला मेन्यू मागा. ग्रीसमध्ये दरपत्रक दिसेल असं लावणं बंधनकारक आहे, आणि अधिकृत पावती मिळाली नाही तर ग्राहकाने पैसे देणं बंधनकारक नाही, अशी पाटीच हॉटेलांत लावलेली असते. पावती मागताना संकोच नको. शाकाहारी मंडळींचं इथे बरं चालतं: पिवळ्या डाळीचा फावा, भात भरलेले टोमॅटो आणि भोपळी मिरच्या म्हणजे गेमिस्ता, उकडलेली रानभाजी होर्ता. बेटाचं खास कोपानिस्ती चीज तिखट आणि उग्र असतं, पावाला थोडंसंच लावून पाहा.

खुर्चीशिवाय बसायचा हक्कही आहे. २०२४ च्या ग्रीक कायद्याने किनाऱ्याचा निम्मा भाग मोकळा ठेवावा लागतो, संरक्षित क्षेत्रात ७० टक्के. टॉवेल टाकून खुशाल बसा. सावली मात्र आपली आपण न्यायची, कारण इबिझासारखी पाइनची झाडं किनाऱ्यामागे नाहीत.

आता वारा. जुलै-ऑगस्टमध्ये एजियनवर उत्तरेकडून मेल्तेमी सुटतो, कधी कधी सलग काही दिवस. प्सारू, प्लाटिस यालोस, पराघा, पॅराडाइज हे सगळे पार्टीचे किनारे दक्षिणेला का, याचं उत्तर हेच: टेकड्यांच्या आडोशाला पाणी शांत राहतं. त्याच दिवशी उत्तरेच्या फ्तेलियाला वाळू तोंडावर मारत असते आणि विंडसर्फिंगवाले खूश असतात. हॉटेल स्वस्त मिळालं म्हणून उत्तर बाजूला घेतलं तर रोज दक्षिणेला ये-जा करावी लागेल. बस खोरा गावातल्या फाब्रिका थांब्यावरून दक्षिणेच्या बहुतेक किनाऱ्यांना जाते. प्लाटिस यालोसहून छोट्या बोटी पराघा, पॅराडाइज, सुपर पॅराडाइज, एलिया असा फेरा मारतात, वारा फार असेल तर त्या बंद. टॅक्सी अख्ख्या बेटावर मोजक्याच. खोरा गावाच्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही, तेव्हा चाकांची मोठी बॅग दगडी फरशीवरून ओढायची तयारी हवी.

चार चाकांची क्वाड बाइक मिकोनोसमध्ये जिकडेतिकडे भाड्याने दिसते आणि आपल्याकडच्यांना ती स्कूटरइतकी सोपी वाटते. तशी ती नाही. वळणावर कलते, दुतर्फा दगडी गडगे, रस्ता अरुंद आणि समोरून येणारा रात्रीचा जागा. भाड्याने घ्यायचीच तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन जा आणि प्रवासविम्यात क्वाड बाइक वगळली आहे का, ते वाचा. अनेकदा वगळलेली असते.

पार्टीतून एक दिवस बाजूला काढायचा असेल तर मिकोनोसहून डेलॉस, बोटीने अर्धा तास. अपोलोचं जन्मस्थान मानलेलं हे बेट १९९० पासून जागतिक वारसा आहे. तिथे कोणालाही मुक्काम करता येत नाही. तिथली बिबट्यावर बसलेल्या डायोनिसस या मद्यदेवाचं चित्र असलेली फरशी बारीक रंगीत खड्यांची आहे. झाड नाही, सावली नाही, म्हणून सकाळची पहिली बोट धरा. बोटीचं आणि स्थळाचं तिकीट वेगवेगळं. इबिझाहून तसंच अर्ध्या तासावर फोरमेंतेरा बेट: तिथे सायकल घेऊन सेस इयेतेसच्या वाळूपर्यंत जावं. इबिझा शहराचा तटबंदीतला जुना भाग, दाल्त व्हिला, संध्याकाळी ऊन उतरल्यावर चढावा. एस कानारचा हिप्पी बाजार १९७३ पासून बुधवारी भरतो, आणि आपल्या गोव्यातल्या हणजुण्याचाही बुधवारीच. साठ-सत्तरच्या दशकांत तीच हिप्पी मंडळी दोन्हीकडे ये-जा करत असत.

पर्यटक कराचा हिशोब दोन्हीकडे वेगळा आहे आणि तो बहुधा हॉटेलातच भरायचा असतो. इबिझात सीझनमध्ये माणशी रोज दर्जाप्रमाणे १ ते ४ युरो अधिक व्हॅट, १६ वर्षांखालच्यांना माफ. ग्रीसमध्ये खोलीमागे: एप्रिल ते ऑक्टोबर पंचतारांकितला रात्री १५ युरो, चार ताऱ्यांना १०. पंचतारांकित हॉटेलात दोघांनी चार रात्री काढल्या तर इबिझात ३५ च्या आसपास, मिकोनोसला ६०.

खरी अडचण आपल्या सुट्ट्यांची आहे. एप्रिल-मेची सुट्टी दोन्हीकडे लवकर पडते. इबिझाचे क्लब एप्रिलअखेरपासून उघडू लागतात, मिकोनोसचे किनारे रंगतात ते मेच्या उत्तरार्धात, आणि तेव्हाही पाणी थंडच. दिवाळीपर्यंत इबिझाच्या निरोपाच्या पार्ट्या उरकलेल्या असतात, मिकोनोस तर त्याआधीच सुस्तावतं. जून किंवा सप्टेंबर घ्यावा. सप्टेंबरात पाणी उबदार आणि मेल्तेमीचा जोर ओसरलेला.

शेंगेन व्हिसा दोन्हीला चालतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंट लवकर भरतात. दोन्ही देश एकाच फेरीत करणार असाल तर जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री समसमान असतील तर जिथून आत शिराल तिथे. इबिझाला माद्रिद किंवा बार्सिलोनाहून विमान सोपं पडतं. मिकोनोसला अथेन्सहून विमान, नाहीतर अथेन्सजवळच्या पिरेयस किंवा राफिना बंदरातून बोट, अडीच ते पाच तास. वारा वाढला की बंदर अधिकारी बोटी थांबवतात, म्हणून मुंबईच्या विमानाआधीची शेवटची रात्र अथेन्समध्ये ठेवा, बेटावर नाही.